‘हार्डी’ म्हणजे नक्की काय? सांगवीच्या उन्हापावसात टिकणारी फुलझाडं

एपिसोड ऐकून बऱ्याच जणांनी झाडांची नावं लिहून मागितली होती, म्हणून हा सगळा भाग लिहून काढलाय. बोलता बोलता जे निसटलं तेही यात घातलंय.

सुरुवात एका मीटिंगपासून करते. नवी सांगवीत आमच्या बिल्डिंगच्या कंपाउंडला लागून मातीची एक पट्टी आहे. ४० फूट लांब, ३ फूट रुंद. तिच्या टोकाला, बांधकामाच्या वेळी कुणीतरी टाकून दिलेला दगडांचा आणि राडारोड्याचा ढीग. दरवर्षी नोव्हेंबरमध्ये सोसायटी तिथे पेटुनिया आणि डायँथस लावायची. डिसेंबर-जानेवारीत सगळे तिथे सेल्फी काढायचे. मार्च उजाडला की झाडं पिवळी, एप्रिलमध्ये काड्या आणि जूनमध्ये गुडघाभर गवत. शेवटी एका मीटिंगमध्ये ठराव आला, पट्टीवर पेव्हर ब्लॉक टाकू, सहा-सात टू-व्हीलर तरी उभ्या राहतील.

राग येण्यासारखं त्यात काही नव्हतं. पार्किंगची मारामार खरी आहे आणि दरवर्षी फुलांवर उडणारे पैसेही खरेच आहेत. मी एवढंच म्हटलं, “काका, एक वर्ष द्या. दरवर्षी विकत आणावी लागणार नाहीत अशी फुलं लावून दाखवते.” चेअरमन काका म्हणाले, “एक वर्ष. पुढच्या जूनपर्यंत. आणि टँकरचं पाणी त्याला नाही.”

आता मी काही बागेची तज्ज्ञ नाही. म्हणून पहिलं काम काय केलं, तर यूट्यूब उघडलं. आणि तिथेच पहिली चूक झाली.

‘हार्डी’ या शब्दाचा घोळ

यूट्यूबवर ‘हार्डी पेरेनियल्स’ असं शोधलं की लॅव्हेंडर, डेल्फिनियम, पिओनी, होस्टा अशी सुंदर सुंदर नावं येतात. बॉर्डर कशी भरावी, रॉकरी कशी रचावी, सगळं समजावून सांगितलेलं असतं. पेरेनियल म्हणजे बहुवर्षायू, एकदा लावलं की अनेक वर्षं जगणारं झाड. इथपर्यंत ठीक. पण ‘हार्डी’ म्हणजे काय?

इंग्लंड-अमेरिकेतल्या बागकामात हार्डी म्हणजे थंडीला न मरणारं. अमेरिकेचे झोनचे नकाशे हिवाळ्यातल्या सर्वांत कमी तापमानाच्या सरासरीवर बेतलेले आहेत. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीची श्रेणी एच १ पासून एच ७ पर्यंत जाते आणि एच ७ म्हणजे उणे २० अंशांच्याही खाली तग धरणारं झाड. म्हणजे प्रश्न एकच, बर्फात मरेल का?

आपल्या सांगवीत बर्फ कुठला? पुण्याच्या थंडीत पारा साधारण आठ-दहा अंशांपर्यंत उतरतो. उलट यातल्या काही झाडांना थंडीचीच गरज असते. पिओनीला काही आठवडे कडक गारठा मिळाला नाही तर ती नीट फुलतच नाही. म्हणजे तिकडचं ‘सगळ्यात चिवट’ झाड इकडे सगळ्यात नाजूक ठरू शकतं. लॅव्हेंडरचं रोप मीही ऑनलाइन मागवलं होतं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ते गेलं. थंडीनं नाही, ओल्या मुळांनी.

म्हणून आपल्यासाठी हार्डीची व्याख्या बदलावी लागते. आपल्याकडे झाडाला तीन परीक्षा द्याव्या लागतात.

पहिली, एप्रिल-मे. पारा चाळिशीच्या आसपास, सिमेंटच्या भिंतीवरून उष्णता परत फेकली जाते आणि पाणी बेताचं.

दुसरी, जून ते सप्टेंबर. पुण्यात वर्षभरात साधारण ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. काळ्या मातीत तेव्हा मुळं अक्षरशः गुदमरतात. उन्हानं मेलेल्या झाडांपेक्षा पावसानं कुजलेली झाडं मी जास्त पाहिलीत.

तिसरी परीक्षा आपली, म्हणजे माणसांची. दिवाळीत सगळे गावाला जाणार, माळीमामा दोन आठवडे येणार नाहीत, मुलांचा बॉल पडणार, बोअरचं जड पाणी मिळणार.

या तिन्हींत जे पास होतं, ते आपलं हार्डी झाड.

हे कुणी आधीच सोडवलंय

या प्रश्नाचं उत्तर आपल्या सह्याद्रीनं कधीच शोधून ठेवलंय. साताऱ्याजवळचं कास पठार सगळ्यांना माहीत आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला युनेस्कोचा जागतिक वारसा मिळाला, त्यात कासचाही समावेश आहे. तिथे जांभ्या खडकावर माती किती? कुठे चार बोटं, कुठे तीही नाही. तरी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गालिचा. कसं काय?

तिथल्या झाडांचे ढोबळ मानानं दोन डाव आहेत. तेरड्यासारखी झाडं पावसाळ्याच्या काही महिन्यांत आयुष्य उरकतात आणि बी टाकून मोकळी होतात. दुसरी, दीपकाडीसारखी, जमिनीखाली कांदा किंवा कंद ठेवतात. वरचं सगळं वाळून जातं, झाड मेलं असं वाटतं, पण खाली ते झोपलेलं असतं. पाऊस पडला की पुन्हा वर.

कासपर्यंतही जायला नको. पहिल्या पावसानंतर मंडईत फोडशीची भाजी येते ना? ती लसणाच्या पातीसारखी हिरवी पानं? ती दरवर्षी जमिनीखालच्या त्याच जाडसर मुळांतून फुटते. आपल्या टेकड्यांवरची ती पेरेनियलच आहे.

यावरून मला दोन गोष्टी कळल्या. एक, काही झाडं वर्षातले काही महिने दिसणारच नाहीत, आणि ते ठीक आहे. दोन, खडकावरची झाडं कमी पाण्यात जगतात, पण साचलेल्या पाण्यात नाही. पाणी आलं पाहिजे आणि निघून गेलं पाहिजे.

एक विनंती आत्ताच करते. कासवरून किंवा कुठल्याही टेकडीवरून झाडं, कंद उपटून आणू नका. ती तिथल्या मातीची आहेत. घरी बहुतेक वेळा जगत नाहीत आणि तिथली जागा मात्र रिकामी होते.

झाड घेण्याआधी जागा बघा

मोबाइल हातात आहेच, तर त्याचा उपयोग करा. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी ८, दुपारी १२ आणि संध्याकाळी ४ वाजता त्याच जागेचे तीन फोटो काढा. कुठे ऊन, कुठे सावली, लगेच कळतं. आमच्या पट्टीचा अर्धा भाग दिवसभर उन्हात होता आणि उरलेला अर्धा दुपारी दोननंतर बिल्डिंगच्या सावलीत.

मग खड्डा परीक्षा. एक फूट खोल खड्डा खणायचा, पाणी भरायचं, ते जिरू द्यायचं आणि पुन्हा भरायचं. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दोन-तीन तासांत जिरलं तर छान. दुसऱ्या दिवशीही दिसत असेल तर निचरा वाईट. आमच्याकडे उन्हाच्या बाजूला पाणी तासाभरात गेलं. गच्चीचा पाइप जिथे उतरतो तिथे मात्र दुसऱ्या दिवशीही डबकं होतं.

काळी माती भिजली की फुगते आणि सुकली की भेगाळते. तिच्यात नुसती वाळू मिसळून फारसा फरक पडत नाही. आम्ही मातीत कुजलेलं शेणखत आणि मुरूम मिसळला आणि वाफा सहा इंच वर उचलला. आमच्यासाठी सगळ्यात कामाची गोष्ट हीच ठरली. सहा इंच उंची म्हणजे पावसाळ्यात मुळांना श्वास.

बॉर्डरसाठी काय लावलं

बॉर्डर म्हणजे शाळेतला ग्रुप फोटो. उंच मागे, बुटके पुढे, आणि एकाच प्रकारची पाच-सात झाडं एकत्र. प्रत्येक प्रकाराचं एकेक रोप लावलं की नर्सरीचं दुकान मांडल्यासारखं दिसतं.

मागच्या ओळीत, भिंतीलगत, कोरांटी आणि निळा चित्रक. पिवळी कोरांटी काटेरी असते, म्हणून ती रस्त्याच्या बाजूला लावली. जांभळ्या कोरांटीच्या पानांना काटे नसतात. पावसाळा संपला की दोन्ही फुलायला लागतात. कोरांटी आपल्याकडच्या माळरानांवर वाढणारं झाड आहे, तिला लाड लागत नाहीत. निळ्या चित्रकाच्या फांद्या पसरतात, वर्षातून एकदा निम्म्यावर छाटायला लागतात, पण उन्हात त्याचा फिकट निळा रंग डोळ्यांना गार वाटतो.

मधल्या ओळीत पेंटास आणि गुलबक्षी. पेंटासवर फुलपाखरं येतात, मुलांना तेच जास्त आवडतं. गुलबक्षी संध्याकाळी चारच्या सुमारास उमलते, ऑफिसातून परत येणाऱ्यांसाठी अगदी योग्य वेळ. तिचं मूळ गाजरासारखं जाड असतं. उन्हाळ्यात वरचं वाळलं तरी जूनमध्ये खालून फुटते. तिच्या काळ्या बिया मात्र विषारी आहेत, घरात लहान मूल असेल तर लक्ष ठेवा.

पुढच्या ओळीत सदाफुली. ही मूळची मादागास्करची, आता इतकी आपली झाली की कुणाला खरं वाटत नाही. कॅन्सरवरची व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही औषधं हिच्यापासूनच मिळाली. पण म्हणून पानं चावून खाऊ नका, झाड विषारी आहे. सदाफुलीचं एकेक झाड दोन-तीन वर्षांनी काडीसारखं ओबडधोबड होतं, पण तोवर आजूबाजूला तिची पिल्लं उगवलेली असतात. तिचा एकच शत्रू, साचलेलं पाणी. सपाट काळ्या मातीत लावलेली सदाफुली जुलैत मान टाकते, उचललेल्या वाफ्यात तीच टिकते.

सावलीच्या अर्ध्या भागात अबोली. तिला दुपारचं कडक ऊन सोसत नाही, पण सकाळचं दोन-तीन तासांचं ऊन पुरतं. माझ्या आजीनं आयुष्यभर गजऱ्याला लावलेली अबोली आणि हे इंटरनेटवर ‘शेड पेरेनियल’ म्हणून शोधलेलं झाड एकच आहे, हे कळायला मला तिशी गाठावी लागली!

आणि त्या डबक्यापाशी? तिथे पाण्याशी भांडायचं नाही. स्पायडर लिली आणि कर्दळ लावली. दोघींना ओल चालते. स्पायडर लिली तुम्ही रस्त्यांच्या दुभाजकांमध्येही पाहिली असेल. जी ओल आणि कोरड दोन्ही सोसते, तिला अशा जागा मिळतात.

हिशेब सांगते. पट्टी १२० चौरस फुटांची. सरासरी दीड फुटावर एक झाड धरलं तर साधारण ५३ झाडं बसतात. आम्ही विकत आणली फक्त २२. बाकीची फांद्या, कांदे आणि बियांपासून. गुलबक्षीच्या बिया पिंपळे गुरवच्या एका मावशींनी दिल्या, कर्दळीचे गड्डे माळीमामांनी आणले. पेरेनियलचा खरा फायदा हाच. ती वाटता येतात.

दगडांच्या ढिगाची रॉकरी

आता तो राडारोडा. आधी त्यातलं प्लास्टिक, काचा आणि सिमेंटच्या गोण्या बाहेर काढल्या. विटांचे तुकडे आणि मुरूम तळाशी पसरले, हा झाला निचरा. वर एक भाग माती, एक भाग क्रश सँड आणि बारीक खडी, एक भाग गांडूळखत असं मिश्रण घातलं.

दगड रचताना एक नियम पाळला. लाडूवर बेदाणे लावतात तसे दगड वर टेकवायचे नाहीत. प्रत्येक दगडाचा तिसरा हिस्सा मातीत गाडायचा आणि तो किंचित मागे झुकलेला ठेवायचा. मग पावसाचं पाणी मागे झाडाच्या मुळांकडे जातं, माती पुढे वाहून येत नाही. सगळ्या दगडांचा कल एकाच दिशेला ठेवला की ते जमिनीतूनच वर आल्यासारखे दिसतात.

दगडांच्या फटींत कोरफड, क्राउन ऑफ थॉर्न्स म्हणतात ती काटेरी युफोर्बिया, कलांचो, पानफुटी आणि अडेनियम. कडेला ऑफिस टाइम, म्हणजे चिनी गुलाब. ते तसं अल्पायुषी आहे, पण दर चार-सहा महिन्यांनी फांदी खोचली की चालू राहतं. आणि दगडांच्या पायथ्याशी रेन लिलीचे कांदे. मोठी सर पडली की काही दिवसांत गुलाबी फुलं वर. कासच्या युक्तीची ही आपली छोटी आवृत्ती.

माझ्या दोन चुका सांगते, म्हणजे तुमच्या वाचतील.

पहिली, अडेनियम. सवयीनं मी प्रत्येक झाडाभोवती आळं केलं. अडेनियम खोडात पाणी साठवणारं झाड. जुलैत आळ्यात पाणी साचलं आणि पाचपैकी तीन खोडं हाताला मऊ लागली. कुजली. अडेनियमला आळं नाही, उंचवटा लागतो. आणि रॉकरीची रसाळ झाडं पावसाच्या तोंडावर लावायचीच नाहीत. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरमध्ये लावायची.

दुसरी, कलांचो. एका बाजूचे फुलले, दुसऱ्या बाजूचे नाहीत. माती तीच, खत तेच. मग लक्षात आलं की न फुललेले पार्किंगच्या दिव्याखाली होते. कलांचोला कळ्या येण्यासाठी मोठी, सलग अंधारी रात्र लागते. शेवंतीचंही तसंच आहे. रात्रभर दिवा असेल तर झाडाला हिवाळा आलाय हेच कळत नाही. कुंड्या दिव्यापासून दूर नेल्या.

आणि सावधगिरी. सदाफुली, अडेनियम आणि कण्हेर ही तिन्ही करवीर कुळातली, तिन्ही विषारी. युफोर्बियाचा चीक डोळ्यात गेला तर भयंकर आग होते. छाटताना हातमोजे घाला. आमच्याकडे मुलं खेळतात म्हणून युफोर्बिया रॉकरीच्या अगदी वरच्या टप्प्यावर आहे.

जे मुद्दाम लावलं नाही

‘चिवट’ आणि ‘घुसखोर’ यात फरक आहे. घाणेरी चिवट आहे, पण पक्षी तिची फळं खाऊन बिया लांब टाकतात आणि टेकड्याच्या टेकड्या ती गिळते. पिवळ्या फुलांची वेडेलिया वेल महिन्याभरात जमीन झाकते, आणि मग थांबत नाही. आपल्या एका बाजूला मुळा, दुसऱ्या बाजूला पवना. काठावर टाकलेली एक फांदीही पाण्यानं पुढे जाऊन रुजते. छाटलेला कचरा नदीकडे टाकायचा नाही, हा आमचा नियम आहे.

इक्झोरा आवडते, पण लावली नाही. तिला आम्लधर्मी माती लागते. आपल्या चुनखडीच्या मातीत आणि बोअरच्या पाण्यावर तिची पानं पिवळी पडतात. मग माणूस खतावर खत घालत बसतो.

वर्षभराचं काम

मेअखेर लिली आणि गुलबक्षीचे कांदे-कंद. दोन-तीन चांगल्या सरी झाल्या की कोरांटी, चित्रक, पेंटास, अबोली. जून-जुलैत लावलेल्या झाडाला मुळं पसरायला चार महिने मिळतात, मग त्याला पुढचा मे जड जात नाही. नोव्हेंबरमध्ये लावलेल्याला तो वेळ कमी मिळतो. ऑक्टोबरमध्ये रॉकरी. फेब्रुवारीत छाटणी आणि शेणखत. मार्चमध्ये वाळक्या पानांचा तीन इंच थर. तो पाला जाळू नका, उन्हाळ्यात तोच झाडांची गोधडी.

आणि पाणी. रोज झारीनं शिंपडलं की मुळं वरच राहतात. पहिलं वर्ष सरल्यावर चार दिवसांतून एकदाच, पण भरपूर. मुळं पाण्याच्या मागे खोल जातात.

जूनची मीटिंग

वर्ष संपलं. ५३ पैकी ४१ झाडं जिवंत होती. मेमध्ये पट्टी काही फार सुंदर दिसत नव्हती, खरं सांगते. गुलबक्षी गायब, लिलीची पानं करपलेली. एक काका म्हणालेच, “मेलं की सगळं.” मी त्यांना म्हटलं, “पंधरा दिवस थांबा.” पहिली मोठी सर पडली आणि आठवड्याभरात रेन लिली उघडली. त्याच काकांनी ग्रुपवर फोटो टाकला.

मीटिंगमध्ये मी फुलांवर कमीच बोलले. एक आकडा सांगितला. १२० चौरस फूट म्हणजे साधारण ११ चौरस मीटर. ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर या पट्टीवर वर्षाला सुमारे ७,८०० लिटर पाणी पडतं. सगळं मुरतं असं नाही, पण पेव्हरवर ते बहुतेक गेटकडेच वाहून जाईल. आणि गेटपाशी पावसाळ्यात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

मग बरीच चर्चा झाली. शेवटी ठरलं असं: टोकाच्या आठ फुटांवर गाड्या, उरलेल्या ३२ फुटांवर झाडं. तिथली झाडं हलवायला मला एक रविवार मिळाला. माळीमामा म्हणाले, “ताई, कोरांटी नका हलवू, तिची फांदी लावू.” आम्ही तसंच केलं. बारा फांद्यांपैकी नऊ फुटल्यात.

तुमच्या बिल्डिंगपाशी अशी एखादी दुर्लक्षित पट्टी असेल तर या रविवारी फक्त ते तीन फोटो काढा आणि एक खड्डा खणा. झाडं नंतर. भेटू पुढच्या भागात!